एट्रुस्कन चित्रित भांडीं आणि त्यांवरील ग्रीक संस्कार

(१) विषयोपन्यास

जी वस्तु जेथें सांपडली ती तेथलीच, ही समजूत जुन्या वस्तूंच्या संशोधनांत जितकी सोपी तितकीच घातक आहे. एखाद्या दप्तरांत सांपडलेला कागद त्याच घराण्यांत लिहिला गेला असेल असें आपण गृहीत धरीत नाहीं; अक्षराचें वळण, कागदाची जात, शिक्का व मायना हीं पाहून मगच त्याचें स्थळ ठरवितों. मातीच्या भांड्यांच्या बाबतींत मात्र युरोपांतील मोठमोठे विद्वान् ही सावधगिरी दीर्घ काळ विसरले होते. इटलींतील थडग्यांत सांपडलेलीं चित्रित भांडीं त्यांनीं प्रथम सरसकट एट्रुस्कन ठरविलीं. पुढें त्यांतील बहुतेक उत्तम भांडीं ग्रीकांचीं आहेत असें सिद्ध झालें, तेव्हां उरलेल्या खऱ्या एट्रुस्कन भांड्यांना ओबडधोबड नकला म्हणून त्यांनीं बाजूस सारलें. या दोन चुका कशा झाल्या, कोणत्या पुराव्यानें दुरुस्त झाल्या, आणि एट्रुस्कन चिताऱ्यांनीं ग्रीकांपासून काय घेतलें व घेतलेल्याचें काय केलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एट्रुरिया म्हणजे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील, आर्नो व टायबर या नद्यांमधील प्रदेश. येथील लोकांस ग्रीक 'तिर्रेनोई' म्हणत. ते स्वतःस 'रासेन्ना' म्हणवीत, असें हालिकार्नासस येथील डायोनिसियस सांगतो. काएरे (हल्लींचें चेर्वेतेरी), तार्क्विनिया, वुल्ची, वेई, चिउसी हीं त्यांचीं प्रमुख नगरें. त्यांची भाषा ग्रीक अथवा लॅटिन यांच्या कुळांतील नव्हे. लिपि ग्रीकांपासून घेतलेली असल्यामुळें ती वाचतां येते, परंतु अर्थ पुष्कळ ठिकाणीं लागत नाहीं. या लोकांचे ग्रंथ नष्ट झाले. रोमन बादशहा क्लॉडियस यानें त्यांच्या इतिहासाचे वीस खंड ग्रीक भाषेंत लिहिले होते, तेही गेले. एट्रुस्कन भाषेंतील एकच मोठें पुस्तक उरलें आहे. तें तागाच्या कापडावर लिहिलेलें असून ईजिप्तमधील एका ममीला गुंडाळण्यासाठीं त्याच्या पट्ट्या फाडल्या गेल्या, म्हणूनच तें वांचलें. सध्यां तें झाग्रेब येथें आहे. अशा स्थितींत थडगीं हेंच या राष्ट्राचें दप्तर होय, आणि त्यांतील भांड्यांवरचीं चित्रें हीं त्या दप्तरांतील महत्त्वाचीं पत्रें होत. त्यांतील कोणतें अस्सल एट्रुस्कन व कोणतें परकी, याचा निवाडा चुकला तर या लोकांच्या मनाविषयींचीं आपलीं सर्व अनुमानें चुकतात.

(२) पहिली चूक

टॉमस डेम्पस्टर या स्कॉटिश पंडितानें सतराव्या शतकाच्या आरंभीं एट्रुरियाविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. तो फ्लॉरेन्स येथें इ. स. १७२३ ते १७२६ या काळांत छापला गेला, आणि तेव्हांपासून तस्कनींत एट्रुस्कन वस्तूंचें वेड पसरलें. गोरी व पासेरी यांनीं आपल्या चित्रसंग्रहांत रंगविलेलीं भांडीं निःशंकपणें एट्रुस्कन म्हणून छापलीं. नेपल्स येथील ब्रिटिश वकील सर विल्यम हॅमिल्टन याचा संग्रह १७७२ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें विकत घेतला. त्यांतील बहुतेक भांडीं दक्षिण इटलींतील असतांही एट्रुस्कन हें नांव त्यांस चिकटलेंच होतें. इंग्लंडांत जोसाया वेजवुड यानें १७६९ सालीं उघडलेल्या आपल्या कारखान्याला 'एट्रुरिया' हें नांव दिलें आणि पहिल्या दिवशीं घडविलेल्या कुंभांवर एट्रुरियाच्या कलांचा पुनर्जन्म होत असल्याचें लॅटिन वाक्य लिहविलें. ज्या चित्रांवरून त्यानें नमुने घेतले तीं मात्र ग्रीक पद्धतीचीं होतीं!

या मताविरुद्ध विंकेलमान यानें पूर्वींच शंका घेतली होती. १८०६ सालीं लुईजी लान्झी यानें, लोक ज्यांस एट्रुस्कन म्हणतात त्या भांड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहून तें नांवच चुकीचें असल्याचें प्रतिपादिलें. वादाचा निकाल लागण्यास अधिक पुरावा हवा होता, आणि तो १८२८ पासून वुल्ची येथें मिळूं लागला. नेपोलियनचा भाऊ ल्युसियें बोनापार्ट, कानिनोचा राजपुत्र, याच्या जमिनींत थडगीं उघडलीं गेलीं आणि थोड्याच काळांत हजारों भांडीं बाहेर आलीं. राजपुत्राचा आग्रह असा कीं हीं सर्व एट्रुस्कनच. परंतु एडुआर्ड गेर्हार्ट यानें १८३१ सालीं या भांड्यांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत त्यानें चित्रांच्या सौंदर्यापेक्षां अक्षरांकडे अधिक लक्ष दिलें. भांड्यांवरील लेख ग्रीक लिपींत व ग्रीक भाषेंत होते. 'अमक्यानें घडविलें', 'अमक्यानें रंगविलें' अशा कारागिरांच्या सह्या होत्या. पुढें १८५४ सालीं ओटो यान यानें म्युनिक येथील संग्रहाच्या यादीस जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेंत या पुराव्याची व्यवस्थित छाननी केली. अशा रीतीनें त्यांतील फार मोठा भाग अथेन्समध्यें घडून समुद्रमार्गें एट्रुरियांत विक्रीस आलेला माल आहे हें मान्य झालें.

याचें ठळक उदाहरण म्हणजे आलेस्सान्द्रो फ्रान्स्वा यास १८४४ सालीं व पुढील वर्षीं चिउसीजवळ तुकड्यातुकड्यांनीं मिळालेला कुंभ. एर्गोतिमोस यानें घडविलेला व क्लैतियास यानें सुमारें इ. स. पू. ५७० मध्यें रंगविलेला हा कुंभ सर्वस्वीं अथेन्सचा आहे. त्यावर दोनशेंहून अधिक आकृती असून शंभरांहून अधिक नांवें ग्रीक अक्षरांत लिहिलेलीं आहेत. एट्रुरियाच्या मातीनें तो राखला, एवढाच एट्रुरियाचा त्याच्याशीं संबंध.

(३) दुसरी चूक

पहिली चूक सुटली आणि तिच्यांतूनच दुसरी निपजली. उत्तम तें ग्रीक, हें एकदां ठरल्यावर साहजिकच राहिलेलें तें एट्रुस्कन व म्हणून हलकें, असा व्यवहार पडला. संग्राहक त्याला किंमत देईनात. जॉर्ज डेनिस यानें एट्रुरियांतील नगरें व स्मशानें यांवर १८४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वुल्ची येथील खोदकामाचें प्रत्यक्ष पाहिलेलें वर्णन दिलें आहे. रंग नसलेलीं साधीं भांडीं वर येतांच तेथील मुकादम तीं पायाखालीं फोडून टाकी, कारण स्वस्त माल बाजारांत जाऊं नये असा वरून हुकूम होता. साधीं भांडीं स्थानिक असत. म्हणजे एका राष्ट्राचीं अस्सल कागदपत्रें फाडून, त्यानें परदेशांतून विकत आणलेलीं पुस्तकें तेवढीं कपाटांत लावावीं, तसा हा प्रकार झाला.

या दुर्लक्षाचा शेवट करण्याचें श्रेय विसाव्या शतकाकडे जातें. १९३७ सालीं टोबियास डोर्न यानें कृष्णाकृति पद्धतीच्या एट्रुस्कन भांड्यांची वर्गवारी केली. ऑक्सफर्डचे जॉन बीझ्ली यांनीं अथेन्सच्या हजारों भांड्यांवर चिताऱ्यांचे 'हात' ओळखण्याची जी पद्धति बसविली होती तीच एट्रुस्कन भांड्यांस लावून १९४७ सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कान, गुडघा, घोट्याचें हाड, वस्त्राची चुणी अशा बारीक गोष्टी चितारी नकळत एकाच वळणानें काढतो. त्या वळणावरून सही नसतांही हात ओळखावयाचा, हें त्या पद्धतीचें मर्म. मोडी कागदावरून कारकुनाचें अक्षर ओळखणाऱ्या वाचकांस ती निराळी समजावून सांगावयास नको.

(४) ग्रीक हात एट्रुरियांत

ग्रीक संस्कार एट्रुरियांत केवळ मालाबरोबर आला नाहीं, तो माणसांबरोबरही आला. रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो कीं, कॉरिंथचा देमारातुस देशोधडीस लागून एट्रुरियांत आला तेव्हां त्याच्याबरोबर युखैर, दियोपुस व युग्राम्मुस असे तीन मातीकाम करणारे कारागीर आले आणि त्यांनीं ती कला इटलींत आणली. या देमारातुसाचाच मुलगा पुढें रोमचा राजा झाला अशी कथा आहे. आतां युखैर म्हणजे 'चांगल्या हाताचा' व युग्राम्मुस म्हणजे 'चांगल्या रेघेचा'. नांवें धंद्याला इतकीं बेमालूम जुळतात कीं बखरींतील नांवांप्रमाणें त्यांवर विश्वास बेतानेंच ठेवावा लागतो. परंतु कथेचा गाभा खोटा नव्हे, हें प्रत्यक्ष वस्तूंवरून दिसतें. चेर्वेतेरी येथें मिळालेला, सुमारें इ. स. पू. ६५० चा एक कुंभ रोममधील कापितोलीन संग्रहालयांत आहे. त्याच्या एका बाजूस ओडिसिउस व त्याचे सोबती एकाक्ष राक्षसाचा डोळा फोडीत आहेत, दुसऱ्या बाजूस दोन जहाजांची लढाई आहे, आणि वर 'अरिस्तोनोथोसनें केलें' अशी ग्रीक सही आहे.

त्यानंतर सुमारें इ. स. पू. ६३० पासून कॉरिंथच्या धर्तीचीं भांडीं वुल्ची वगैरे ठिकाणीं घडूं लागलीं. सिंह, हरिण, पंखांचे प्राणी यांच्या ओळी कॉरिंथच्याच. परंतु प्राण्यांची ठेवण सैल, रिकाम्या जागेंतील फुलें ढोबळ. या वर्गांतील एका चिताऱ्यास दाढीवाल्या स्फिंक्सचा चितारी असें नांव विद्वानांनीं दिलें आहे.

पुढल्या शतकांत इराणी सत्तेच्या दाबामुळें आशियामायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांचे लोंढे पश्चिमेकडे आले. त्यांच्या हातचीं 'काएरेचीं' पाणी भरण्याचीं भांडीं सुमारें चाळीस उपलब्ध आहेत, तीं इ. स. पू. ५३० ते ५०० च्या दरम्यान चेर्वेतेरी येथें एकाच लहानशा कारखान्यांत घडलीं असें मानतात. त्यांतील लूव्र येथील भांड्यावर हेराक्लेस तीन तोंडांचा यमाचा कुत्रा घेऊन आला असतां राजा युरिस्थेउस भयानें रांजणांत दडला आहे. कथा ग्रीक, हात ग्रीक, माती व गिऱ्हाईक मात्र एट्रुस्कन.

दुसरा वर्ग 'पाँटिक' नांवाचा. हें नांव फेर्दिनांद ड्युम्लर यानें १८८७ सालीं दिलें. चित्रांतील धनुर्धारी घोडेस्वार त्याला शकांसारखे वाटले, म्हणून हीं भांडीं काळ्या समुद्रावरील ग्रीक वसाहतींचीं असावींत असें त्याचें अनुमान. तें पूर्णपणें चुकलें. हीं भांडीं बहुधा वुल्ची येथलींच. नांव मात्र अद्याप चालू आहे. या वर्गाचा आद्य पुरुष 'पॅरिस चितारी' हा स्वतः आयोनियांतून आलेला असावा असें मानतात. म्युनिक येथील कुंभावर त्यानें पॅरिसचा निवाडा हा ग्रीक विषय रंगविला, आणि ब्रिटिश म्यूझियममधील दुसऱ्या कुंभावर हेराक्लेसाशीं लढणारी एक देवी रंगविली, जिच्या मस्तकावर बकऱ्याचें कातडें आहे. ही देवी ग्रीकांची नव्हे. ती लातियममधील लानुवियमची जुनो सोस्पिता होय. चितारी बाहेरून आला, पण गिऱ्हाईकाच्या देवता त्याला शिकाव्या लागल्या.

(५) उलट वाहणारा प्रवाह

येथवरच्या हकीकतीवरून देणारे नेहमीं ग्रीक व घेणारे नेहमीं एट्रुस्कन, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो एका कुंभारानें खोटा ठरविला आहे. एट्रुरियांत इ. स. पू. सातव्या शतकापासून 'बुक्केरो' नांवाचीं आंतून-बाहेरून काळीं चकचकीत भांडीं होत. रुंद सपाट कानांचा व अंगावर उंच कडांचा एक कुंभ हा त्यांतील खास स्थानिक घाट. अथेन्सचा कुंभार निकोस्थेनेस यानें इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाच घाट उचलला, त्यावर ग्रीक चित्रें काढविलीं, आणि तो माल एट्रुरियांत पाठविला. या घाटाचे त्याचे जवळजवळ सर्व कुंभ चेर्वेतेरी येथेंच सांपडतात. म्हणजे अथेन्सचा व्यापारी एट्रुस्कन घरांतील आवड ओळखून माल घडवीत होता. गिऱ्हाईक ठरवीत होतें आणि कारागीर करीत होता.

(६) नकलेंतील फरक

सहाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत वुल्ची येथें एक चितारी भरभराटीस आला. जोसेप्पे मिकाली या जुन्या संशोधकाच्या नांवावरून बीझ्ली यांनीं त्यास 'मिकाली चितारी' म्हटलें. त्याच्या हातचीं म्हणून दोनशेंवर भांडीं ओळखलीं गेलीं आहेत. अथेन्सची कृष्णाकृति पद्धति त्यानें घेतली. पण देव-वीरांच्या लांबलचक कथांपेक्षां पंखांचे घोडे, सायरन, स्फिंक्स, मिरवणुकी व खेळ यांत त्याचें मन अधिक रमे. त्याच्याच प्रभावाखालील एका चिताऱ्यानें सुमारें इ. स. पू. ५१० मध्यें रंगविलेल्या एका भांड्यावर सहा पुरुष समुद्रांत उड्या घेतांना दिसतात. कोणाचें डोकें माशाचें झालें आहे, कोणाचें धड. डायोनिसोस देवास पळवूं पाहणारे चांचे डॉल्फिन झाले, ही ती ग्रीक कथा. त्या कथेंतील चांचे 'तिर्रेनोई', म्हणजे एट्रुस्कनच आहेत! आपल्याच लोकांची फजिती सांगणारी परक्यांची कथा एट्रुस्कन चिताऱ्यानें इतक्या आवडीनें रंगवावी, यावरून कथा केवळ नकलली गेली नव्हती, ती पचली होती, हें उघड होतें.

तंत्राच्या बाबतींतही नकलेंतील फरक बोलका आहे. अथेन्सचा कुंभार गाळून अतिशय बारीक केलेल्या मातीचा पातळ लेप चित्रासाठीं वापरी व आव्यांत प्रथम हवा सोडून, मग कोंडून, मग पुन्हां सोडून भांडें भाजी. दुसऱ्या टप्प्यांत सर्व भांडें काळें होई. तिसऱ्यांत उघडी माती पुन्हां तांबडी होई, पण लेप दिलेला भाग कांचेसारखा घट्ट झाल्यामुळें काळाच राही. लेपानें आकृति भरली तर ती कृष्णाकृति. पार्श्वभूमि भरून आकृति मातीच्या रंगाची सोडली तर ती रक्ताकृति. ही दुसरी रीत अथेन्समध्यें सुमारें इ. स. पू. ५२५ मध्यें निघाली. एट्रुस्कनांनीं तिची नक्कल करतांना आरंभीं उलटेंच केलें. सर्व भांडें काळें करून त्यावर तांबड्या रंगानें आकृती काढल्या आणि आंतील रेघा टोंचणीनें कोरल्या. दिसावयास फळ तेंच, वाट निराळी. आमच्या मतें याचा अर्थ इतकाच कीं या कारागिरांनीं तयार भांडें पाहिलें होतें, कारखाना पाहिला नव्हता. या रीतीच्या एका कुंभावर, जो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील संग्रहांत आहे, अर्न्थे प्राक्सियास असें नांव आहे. त्यांतील पहिला शब्द एट्रुस्कन, दुसरा ग्रीक. खरी रक्ताकृति पद्धति एट्रुरियांत पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत रुजली. इ. स. पू. ४७४ मध्यें कुमे येथील आरमारी लढाईंत सिराक्यूजच्या हिएरोननें एट्रुस्कनांचा पराभव केला होता. त्यानंतर दक्षिणेकडील किनाऱ्याच्या नगरांत अथेन्सचा माल कमी येऊं लागला आणि स्थानिक आव्यांना काम वाढलें.

(७) नांवें आणि यमदूत

सर्वांत भरंवशाचा पुरावा अक्षरांचा. एट्रुस्कन भाषेंत 'ओ' हा स्वर नव्हता आणि ग, द, ब हे वर्ण नव्हते. शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर पडून पुढील स्वर गळत. म्हणून हेराक्लेसचा 'हेर्क्ले', आखिल्लेउसचा 'आख्ले', ओडिसिउसचा 'उथुस्ते', आलेक्सान्द्रोसचा 'एल्क्सन्त्रे' झाला. नजरेनें उतरलेल्या नांवांत असे फेर होत नाहींत. हीं नांवें कानांनीं ऐकून तोंडांत घोळलेलीं आहेत. त्यांतही 'ऐवास' हें नांव विशेष लक्षांत घेण्यासारखें. अथेन्सच्या ग्रीकांत या वीरास 'आयास' म्हणत, 'व' त्यांच्या बोलींतून गेलेला होता. कॉरिंथच्या लेखांत मात्र तो 'व' टिकून आहे. अर्थात् हें नांव अथेन्सच्या भांड्यांबरोबर आलेलें नाहीं; तें अन्य ग्रीकांच्या तोंडून आलें.

आतां चवथ्या शतकांतील वुल्चीचे दोन कुंभ घेऊं. दोन्ही पॅरिस येथील उपर्युक्त संग्रहांत आहेत. पहिल्यावर आल्केस्तिस व आद्मेतोस हें दांपत्य एकमेकांस कवटाळून उभें आहे. पतीसाठीं मरण पत्करणाऱ्या पत्नीची ही ग्रीक कथा. नांवें मात्र 'अल्क्स्ती' व 'अत्मिते'. दोहों बाजूंस दोन यमदूत आहेत, एकाच्या हातीं हातोडा, दुसऱ्याच्या हातीं सर्प. ग्रीक चित्रांत असे यमदूत आढळत नाहींत. दुसऱ्या कुंभावर ऐवास एका ट्रॉयच्या कैद्यास ठार मारीत आहे आणि शेजारीं हातोडा घेऊन 'खारु' उभा आहे. खारु हें नांव ग्रीक खारोनचें. ग्रीकांचा खारोन मृतांस नदीपार नेणारा म्हातारा नावाडी; एट्रुस्कनांनीं त्याचें नांव घेतलें, नाव सोडली, आणि त्याच्या हातीं हातोडा दिला. होमरांत आखिल्लेउस मित्राच्या चितेपाशीं बारा ट्रॉयकर कैदी मारतो. ग्रीक चिताऱ्यांनीं हा प्रसंग क्वचितच रंगविला, पण कैद्यांच्या या वधाचें एट्रुस्कनांस मोठें आकर्षण होतें. १८५७ सालीं फ्रान्स्वा यानेंच उघडलेल्या वुल्चीच्या थडग्याच्या भिंतीवरही तोच प्रसंग आहे, आणि तेथेंही खारु हजर आहे. कोणती कथा निवडली व तींत कोणास आणून उभें केलें, यावरून घेणाऱ्याचें मन कळतें. मृत्यूचा विचार ग्रीकांकडून उसना आणलेला नव्हता. त्यास केवळ ग्रीक वेष दिला होता.

(८) उपसंहार

तात्पर्य, एट्रुस्कन चित्रकलेवर ग्रीक संस्कार आहे हें विधान खरें असलें तरी अपुरें आहे. तो संस्कार कोठें मालानें, कोठें कारागिरानें, कोठें कथेनें आला. कोठें तो हात न पोंचल्यामुळें बिघडला, आणि कोठें जाणूनबुजून बदलला गेला. हस्तलिखितांच्या पाठभेदांत नकलकाराचा प्रमाद व त्याची बुद्धिपुरस्सर दुरुस्ती आपण वेगळीं करतों, तसेंच येथें करावें लागतें; आणि दोन्ही प्रकारचे फरक सारखेच मोलाचे असतात.

परंतु हें सर्व करण्यास भांडें कोठें, कोणत्या थडग्यांत, कोणत्या वस्तूंशेजारीं सांपडलें हें ठाऊक असावें लागतें. तेंच ज्ञान संग्राहकांच्या हौसेनें नष्ट होतें. अथेन्सच्या युफ्रोनियोसनें रंगविलेला प्रसिद्ध कुंभ १९७१ सालीं चेर्वेतेरीजवळील थडग्यांतून चोरून काढला गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९७२ सालीं दहा लक्ष डॉलर देऊन तो घेतला, आणि २००८ सालीं तो इटलीस परत गेला. वर सांगितलेलें डॉल्फिनांचें भांडें अमेरिकेंतील टोलीडो येथील संग्रहालयानें १९८२ सालीं विकत घेतलें होतें. त्याच्याबरोबर आलेले मालकीचे कागद बनावट ठरल्यावर २०१२ सालीं तेंही परत करण्याचें ठरलें. भांडीं परत आलीं. ज्या थडग्यांत तीं होतीं त्यांतील इतर वस्तु, त्यांची मांडणी आणि ज्याच्या उशाशीं तीं ठेवलीं होतीं त्याचें नांव हीं परत येणें शक्य नाहीं.

वुल्चीच्या मुकादमाने पायाखालीं फोडलेलीं साधीं भांडीं आणि चोरट्या खोदकामांत हरवलेलीं स्थळांचीं टिपणें, या दोन्ही एकाच प्रकारच्या हानी होत. म्हणून संग्रहांत नवी वस्तु येईल तेव्हां तिचें सौंदर्य वाखाणण्यापूर्वीं ती कोठून, कोणाकडून, कोणत्या वस्तूंबरोबर आली याची एक ओळ संग्राहकानें आपल्या वहींत लिहून ठेवावी. पुढील अभ्यासकास वस्तूपेक्षां ती ओळच कित्येकदां अधिक उपयोगी पडेल.